चाळीस सेकंदांचा खड्डा

३ फेब्रुवारी, सोमवार

नवरदेव जेसीबीच्या खोऱ्यात! अंगाला चिकटलेला निळा-लाल ड्रेस, पाठीवर लाल कापड उडतंय, आणि कपाळाला मुंडावळ्या. कनेरगाव नाक्याचं लग्न. नवरदेवाचा मामा सकाळपासून माझ्या मागे — "रत्नपालभाऊ, पोरगं आभाळातून उतरून राहिलं असं वाटलं पायजे. गाणं असं लावा की जमीन हादरली पायजे!"

म्हटलं, मामा, जमीन हादरवायला जेसीबी आहे. गाण्याचं माझ्यावर सोडा.

लावलं काय? वीस वर्षांपूर्वी शाळेच्या गॅदरिंगला पोरी ज्याच्यावर नाचायच्या ते. हलकंफुलकं, टाळ्यांच्या ठेक्याचं. मामाचं तोंड उतरलं. पण खोरं खाली येऊ लागलं, नवरदेव एका हातानं मुंडावळ्या सावरू लागला, आणि मांडवातल्या बाया हसता हसता डोळे पुसायला लागल्या. त्यांना आभाळातला कोणी दिसलाच नाही. नाक पुसत शाळेत जाणारं आपलं पोरगं दिसलं. शेवटी मामाच म्हणाला, "लय भारी लावलं राव!"

हे मी राणीकडून शिकलो — माझ्या पोरीकडून. म्हणजे तिनं दाखवलेल्या सिनेमांतून. त्या इंग्रजी उडणाऱ्या माणसांच्या सिनेमांत इकडे बिल्डिंगी पडत असतात आणि मागं कुणीतरी निवांत प्रेमाचं गाणं म्हणत असतं! आधी वाटलं, एडिटिंगवाल्याला डुलकी लागली असंल. मग चार-पाच पाहिले. पाहिले म्हणजे ऐकले. मारामारीला मारामारीचंच गाणं लावलं तर नुसता गोंगाट होतो. ते गाणं मारामारीचं नसतंच. ते त्या गड्याच्या डोक्यात वाजत असतं. पहाड उचलतो, ढगातून जातो, पण गाणं मात्र तुमच्या-आमच्या रेडिओवरचं. तेवढ्यानं तो आपल्या गल्लीतला होतो.

साउंडच्या धंद्यात चाळीस वर्षं गेली. हे मला पोरीनं शिकवावं!

५ फेब्रुवारी, बुधवार

राणीचा सिनेमा जुळवून झाला. बावीस मिनिटं. नाव 'करंटवाली'. तिचं स्वतःचं लिखाण, स्वतःचा कॅमेरा. संभाजीनगरला तीन वर्षं हेच शिकत होती.

गोष्ट अशी — शिरड शहापूरची एक पोरगी वायरमन आहे. तिला करंट लागत नाही. तुटलेल्या तारेची दोन टोकं दोन हातांत धरली की तिच्या अंगातून गावाला लाइट जाते! आणि दुश्मन कोण? डीपीतलं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधलं, ऑइल चोरणारी टोळी. मी हसून हसून बेजार. पण शेवटी डोळे पुसले, खोटं कशाला लिहू.

काम केलंय मंजुषानं, राणीच्या मैत्रिणीनं. ती शिरड शहापूरचीच. तिचे वडील खरे लाइनमन, त्यामुळे पोरगी खांबावर खारीसारखी चढते.

करुणानं — बायकोनं — अट घातलीय. संभाजीनगरच्या लघुपट स्पर्धेत निवड झाली तर राणीनं पुण्याला जावं, सिनेमातच राहावं. नाही झाली तर बी.एड. राणीनं हो म्हटलं. पाठवायची शेवटची तारीख २८, संध्याकाळी सहापर्यंत.

राणी म्हणाली, "पप्पा, आवाजाचं सगळं तुमी बघा. तुमच्या कानावर माझा भरोसा हाय."

मी हो म्हटलं आणि उगाच वायरी गुंडाळायला लागलो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

निदान इथं तरी खरं लिहितो.

दिवाळीपासून — नाही, त्याच्याही आधीपासून — दोन्ही कानांत बारीक शिट्टी वाजते. बंदच होत नाही. मी म्हणत होतो यंदा चिमण्या कमी झाल्या. परवा करुणा दाणे टाकत होती. अंगण चिमण्यांनी भरलेलं! चोची उघडत होत्या, मिटत होत्या. मुक्या.

काल इन्व्हर्टरची बॅटरी उतरली. आतून करुणा ओरडली, "अवं, ते टीट-टीट कवापासून बोंबलून राहिलं, बंद करा की!" मी त्याच्या शेजारीच बसलो होतो.

बाराव्या वर्षी डोक्यावर भोंगा घेऊन गावोगाव फिरलो. मग ऑर्केस्ट्रा, मग स्वतःचे बॉक्स, मग हा लग्नाच्या व्हिडिओचा स्टुडिओ. भांडवल काय होतं? हे दोन कान. हजार माणसांच्या मिरवणुकीत कोणत्या बॉक्सचा स्क्रू ढिला आहे ते मी लांबून सांगायचो. अजून लोक म्हणतात — रत्नपालला विचारा, त्याचे कान सोन्याचे.

कुणाला सांगू? सांगितलं की संपलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज राणीसोबत पूर्ण सिनेमा ऐकायला बसलो. ती शेजारी. पडद्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मला घाम.

चौदाव्या मिनिटाला मंजुषा शेवटच्या वेळी खांबावर चढणार असते. त्याच्या आधी ती डीपीच्या ओट्यावर बसते. कानात मोबाईलची वायर, डोळे मिटलेले. फक्त पायाचा अंगठा तालावर हलतोय. चाळीस सेकंद! आणि आवाज? शून्य.

मी म्हटलं, "इथं खड्डा पडलाय."

"खड्डा?"

"मग? कायच न्हाई इथं. पोरगी गाणं ऐकून राहिली तर लोकांना बी ऐकू आलं पायजे ना!"

राणी माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. "पप्पा... तुमाला इथं कायच वाटलं न्हाई?"

"जिथं कायच न्हाई तिथं काय वाटणार?"

मग म्हणाली, "हाय तसं राहू द्या." पाणी प्यायला उठली ती परत आलीच नाही.

आजकालची पोरं! गप्प बसण्याला कला म्हणतात.

९ फेब्रुवारी, रविवार

तो खड्डा डोक्यातून जात नाही. तो अंगठाही. तो ठेका कुठंतरी ओळखीचा वाटतो. त्या ठेक्यात बसणारी गाणी दिवसभर लावून पाहिली.

ढोलकीवालं लावलं तर मंजुषा जत्रेला निघाल्यासारखी वाटते. पोरांचं ते नवं, "ओ-ओ" वालं, लावलं तर मोबाईलची जाहिरात. दुःखाचं लावलं तर ती चढायच्या आधीच मेली! दुःखाच्या जागी दुःखाचं गाणं म्हणजे भातावर भात.

औंढ्याचं एक लग्न आठवलं. नवरीची पाठवणी, आणि माझाच अंगठा चुकला. पाठवणीच्या गाण्याच्या जागी वरातीतलं नाचायचं लागलं. मी बंद करायला धावलो तर नवरीचा बाप हात धरून म्हणाला, "राहू द्या भाऊ. काल रात्री ती याच्यावर नाचली." तेवढा रडलेला मांडव मी परत पाहिला नाही.

तसं पाहिजे. आनंदाचं गाणं, पण त्या पोरीचं स्वतःचं.

तिचं गाणं कोणतं, हे राणीला विचारलं. म्हणाली, "तुमाला म्हाईत असायला पायजे होतं." आणि तोंड फिरवलं. आता मला कसं माहीत असणार?

११ फेब्रुवारी, मंगळवार

अमरसिंगकडे गेलो होतो. डेपोजवळ त्याचं रिपेअरिंगचं दुकान. माझा पहिला अँप्लिफायर त्यानंच जोडला होता. चहा मागवला आणि सुरू — "क्या भाऊ, बेटी फिल्म बना रही, और बाप का मुँह ऐसा जैसे फ्यूज उडा!"

राणी मागच्या महिन्यात त्याच्याकडे दोनदा येऊन गेली म्हणे. कशाला? "बेटी का काम था. एक पुरानी चीज चालू करनी थी." पुढं बोलेना. नुसता हसत होता.

स्टुडिओचे स्पीकर मला दबल्यासारखे वाटतात, असं त्याला म्हटलं. "ले के आव, देखता." नेतो एकदा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

शिरड शहापूरला गेलो. पावलांचा, खांबावर चढण्याचा आवाज नीट रेकॉर्ड करायचा होता.

वाटेत एका शेतात ज्वारीवर कॅसेटची रीळ ताणलेली. पाखरं हाकलायला. ऊन पडलं की चमकते, वारा सुटला की फरफरते. मोटारसायकल थांबवून बघत बसलो.

१९९९ साली मी पण एक कॅसेट काढली होती. पाच गाणी, आपलीच चाल, आपलाच आवाज. कुणी घेतली नाही. ऑर्केस्ट्रातले गडी चिडवायचे — "रत्नपाल, तू वायर जोड, गाणं आमाला म्हणू दे." शेवटी सगळ्या कॅसेट मोठ्या भावाला दिल्या. त्यानं रिळी काढून अशाच ज्वारीत ताणल्या. माझ्या गाण्याला पाखरं तेवढी भ्याली! त्या दिवसापासून गाणं म्हटलं नाही. घरात तो विषय निघू देत नाही. राणीनं लहानपणी एकदा विचारलं होतं तेव्हा मी म्हटलं होतं, "कायच न्हाई त्यात."

मंजुषा भेटली. तिची आई चहा ठेवायला उठली तशी हळूच म्हणाली, "काका, त्या ओट्यावरच्या सीनचं राणी लय बोलायची. म्हणे, मला सगळा सिनेमा पप्पाला तेवढंच दाखवायसाठी करायचाय."

मग तर तो खड्डा भरलाच पाहिजे! पोरीचा सगळा जीव तिथं, आणि तिथंच आवाज नाही. निवडणारी माणसं काय म्हणतील — साउंडवाल्याची पोरगी, आणि आवाज विसरली?

१६ फेब्रुवारी, रविवार

केलं.

गाणं सापडलं. दहा-बारा वर्षांपूर्वीचं, प्रत्येक हळदीला वाजायचं ते. अंगठ्याच्या ठेक्यात चपखल. चाळीस सेकंदांवर चढवलं आणि आवाज वर घेतला. ती डोळे उघडते तिथं बरोबर "चल गं" येतं. अंगावर काटा आला.

राणीला सांगितलं नाही. सांगितलं तर नको म्हणेल. पडद्यावर पाहिलं की कळेल.

करुणा चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. "किती चिरकून राहिलं हे! कानात सुई गेल्यावानी." मी म्हटलं, तुला कळत नाही, ट्रेबल — वरचा बारीक आवाज — असाच ठेवतात.

ती गेल्यावर ट्रेबल थोडा कमी केला. मला फरक कळला नाही.

परत वाढवला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंती. दिवसभर मिरवणुकीत, बॉक्सच्या पुढं. घरी आलो तर शिट्टी एवढी मोठी की करुणा काय म्हणाली ते तिच्या ओठांवरून ओळखलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

राणीनं विचारलं, "झालं का मिक्सिंग?" म्हटलं, झालं. "ओट्यावरचं हाय तसंच ठेवलं ना?"

मी फोन आल्यासारखं केलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज शिरड शहापूरला दाखवला. दिवस मावळायच्या वेळेला, शाळेच्या मैदानात. लग्नातला मोठा पडदा, माझे चार बॉक्स. ज्यांच्या अंगणात शूटिंग झालं ती सगळी माणसं. मंजुषाची आजी पहिल्या रांगेत खुर्ची टाकून.

मंजुषा खांबावर चढली की टाळ्या. ऑइलचोराला झटका बसला तर एक म्हातारा उठून उभा राहिला — "अजून एक दे त्याला!" पण वरचे आवाज आले की पुढची लेकरं कानांवर हात ठेवत होती. मला वाटलं, मजा करतायत.

चौदावं मिनिट. गाणं आलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या, दोघं तर उठून नाचले! मी राणीकडे वळून पाहिलं. शाबासकीच्या आशेनं, अजून कशानं?

तिचा चेहरा पांढरा. तोंडावर हात. मग उठली आणि पडद्याच्या मागं चालत गेली.

मी मागं गेलो. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

"पप्पा, ते एवढं टोचलं का तुमाला? पुसूनच टाकायचं?"

"काय पुसलं मी? तिथं होतं काय?"

"कायच न्हाई," ती म्हणाली. "कायच न्हवतं. बराबर हाय तुमचं."

घरी आल्यावर गाडीतून उतरताना करुणा एवढंच म्हणाली, "नवं गाणं चांगलं होतं. पण पोरगी काय म्हणून राहिली ते ऐकून तरी घ्यायचं."

ऐकून घ्यायचं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

राणीनं हार्डडिस्क स्टुडिओत माझ्या टेबलावर आणून ठेवली. "पाठवायचा तर पाठवा, न्हाईतर नका पाठवू. तो आता माझा राहिला न्हाई."

नंतर पाहिलं तर मोबाईलवर बी.एड.चा फॉर्म भरत होती. अट करुणाची, पण आज करुणाच तिच्या हातातून मोबाईल काढून घेत होती — "अजून अठ्ठावीस तारीख हाय की गं!"

बारा तास झाले, विचार करतोय. चुकलं काय माझं? चांगलं गाणं लावलं. लोक नाचले. मग पोरगी अशी का बघते, जसं काही मी तिच्या तोंडावर थुंकलो?

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. औंढ्याला दर वर्षीप्रमाणे भोंगे लावून दिले. एक जण म्हणाला, "भाऊ, तो डावीकडचा किरकिर करून राहिला." पंचवीस वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्यानं मला दाखवून दिलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आजचं सगळं लिहून ठेवतो.

स्टुडिओचा स्पीकर अमरसिंगकडे नेला. म्हटलं, ट्वीटर — बारीक आवाजाचा छोटा स्पीकर — गेलाय, वरचं काहीच येत नाही. त्यानं यंत्र जोडलं. बारीक आवाज खालून वर चढत जातो, स्पीकर कुठं थकतो ते कळतं. मी हजारदा पाहिलेली गोष्ट.

आवाज चढत गेला, चढत गेला, आणि बंद झाला.

"बघ," मी म्हटलं. "गेला. इथंच संपतो."

मिक्सर रिपेअरला घेऊन आलेली एक बाई दोन्ही कानांवर हात ठेवून ओरडली — "अवं दादा, बंद करा ना ते! डोकं फुटून राहिलं!"

मला शांतता.

अमरसिंगनं यंत्र बंद केलं. बाईला उद्या या म्हणाला. शटर अर्धं खाली ओढलं. दुपारी बारा वाजता! माझ्या समोर बसला. "भाऊ, ट्वीटर चालू है. कब से है ये?"

सांगितलं. सगळं. पहिल्यांदा माणसापुढं.

"बेटी को मालूम?"

"न्हाई."

तो काहीतरी आठवल्यासारखा थबकला. "तो फिर वो चालीस सेकंद... आप को वो..." आणि कपाळावर हात मारला. "हे भगवान... नहीं, मैं नहीं बोलता. वो उसका है. आप घर जा के देखो, भाऊ. सुनो मत. देखो."

मी आयुष्यभर पोरांना हसलो — मिक्सिंग डोळ्यांनी करता का रे? स्क्रीन बंद ठेवून काम करायचो. तोच माझा रुबाब होता.

घरी आलो. टेबलाशी बसलो. हार्डडिस्कला हात लावायची हिंमत झाली नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

पाहिलं.

मी चढवलेल्या गाण्याखाली, खड्ड्याच्या जागी, स्क्रीनवर आवाजाची रेघ सपाट नाही. बारीक दाते आहेत, चाळीस सेकंदभर. वर क्लिपचं नाव, राणीनं दिलेलं — 'पप्पा १९९९'.

तिची मूळ, पूर्ण आवाजाची क्लिप लावली. माझा आवाज. सव्विसाव्या वर्षीचा. ज्वारीत न गेलेली एक कॅसेट अमरसिंगकडे राहिली असणार; राणीची ती 'पुरानी चीज' हीच. ते गाणं मंजुषाच्या कानातल्या वायरीतून बाहेर सांडावं तेवढंच, बारीक, नुसतं वरचं वरचं ठेवलंय पोरीनं. सगळ्यांना ऐकू येईल असं. मला सोडून. आणि तिच्या शेजारी बसून मी म्हणालो होतो, कायच न्हाई.

पाच चाळीसला सिनेमा पाठवला. मी चढवलेलं गाणं काढून. माझंच गाणं ठेवून.

राणी अंगणात आहे. इतके महिने जे लपवलं ते आता तिला आनंदाची बातमी सांगावी तसं पळत जाऊन सांगायचंय — राणे, मला ऐकू येत नाही गं!